खोली नंबर बारा

मुलांनो, भाषेचं अक्षरही कळत नाही, तरी गाणं मनात रुतून बसलंय, असं तुमचं कधी झालंय? माझं झालं. गाणारी फ्रेंच, नाव लुआन. मला फ्रेंचमधलं 'मेर्सी' सोडलं तर काही येत नाही. तरी आवाज ऐकला नि वाटलं, ही पोर आहे तरी कोण?

लुआनचा जन्म १९९६चा, उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. २०१३मध्ये 'द व्हॉइस' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती उतरली. जिंकली नाही हं! उपांत्य फेरीतच बाहेर पडली. पण एरिक लार्तिगो या दिग्दर्शकानं तिला तिथं पाहिलं आणि सिनेमातच घेतलं.

सिनेमा आला डिसेंबर २०१४मध्ये. गोष्ट एका शेतकरी घरातली. आई, बाबा, भाऊ, सगळे कर्णबधिर. ऐकू येणारी एकटी मुलगी. आणि नेमका तिचाच गळा गोड! जे आईबाबांना कधी ऐकूच येणार नाही, त्यासाठी घर सोडून जायचं? शेवटी ती गाता गाता हातांच्या खुणांनी त्यांना गाण्याचा अर्थ सांगते. मी काही रडूबाई नाही, पण तिथं रुमाल काढावा लागला. (तुमच्या आईबाबांना यावरून गोव्यात घडणारा, नाना पाटेकरांचा 'खामोशी' नक्की आठवेल.)

सिनेमातली मुलगी आईबाबांना सोडून निघते. खरं उलटंच घडलं होतं. २०१३मध्ये लुआनचे वडील वारले, २०१४मध्ये आई. सिनेमा गाजला, तो पाहायला दोघंही नव्हते.

मार्च २०१५मध्ये तिचा पहिला अल्बम निघाला, 'शाम्ब्र दूझ', म्हणजे खोली नंबर बारा. हा हॉटेलातल्या तिच्या खोलीचा नंबर. अठरा वर्षांची पोर, घर मागे राहिलेलं, मुक्काम हॉटेलात! काही गाण्यांत यंत्रांचा ठेका जरा जास्तच वाजतो, असं माझं मत. पण तिचा किंचित घोगरा आवाज त्यातूनही वर येतो. अल्बम फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पाच लाखांचा टप्पा ओलांडून 'डायमंड' ठरला.

पुढं लुआन स्वतः आई झाली. २०२५च्या युरोव्हिजन स्पर्धेत फ्रान्सतर्फे ती गायली आणि सातवी आली. गाण्याचं नाव होतं 'मामाँ'. अर्थ सांगायला हवा का?