बोस्टनचा बर्फ आणि सांगलीची माणसे

बर्फ पडू लागला की बोस्टन शहराचा आवाज उतरतो. ताज्या हिमाच्या थरात बर्फापेक्षा हवाच अधिक असते. त्या असंख्य पोकळ्यांत मोटारींची घरघर, पावलांचा आवाज, दूरच्या रेल्वेचा खडखडाट हे सारे जिरून जाते. सार्वजनिक उद्यानात काशाच्या बदकीमागून रांगेने चालणारी तिची आठ काशाची पिल्ले आहेत. बर्फात ती गळ्यापर्यंत बुडतात आणि कोणीतरी मायेने त्यांच्या डोक्यांवर लोकरीच्या टोप्या चढवून जाते.

परंतु ही शोभा पाहुण्यांची. तेथे राहणाऱ्याच्या वाट्याला येते ते फावडे. हिमवर्षाव थांबल्यापासून तीन तासांच्या आत घरापुढील पदपथ मोकळा करावा, असा त्या शहराचा नियम आहे. बर्फातून उकरून काढलेल्या मोटारीच्या जागेवर दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये म्हणून लोक तेथे जुनी खुर्ची मांडून ठेवतात, आणि त्या खुर्चीवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अबोला धरला जातो. 2014-15 च्या हिवाळ्यात तर 110.6 इंच, म्हणजे नऊ फुटांहून अधिक बर्फ पडला. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा तो उच्चांक. रस्त्यांवरून उचलून बंदराजवळ रचलेल्या त्याच्या ढिगाऱ्याचा शेवटचा अंश वितळला तो 14 जुलै 2015 रोजी, भर उन्हाळ्यात.

सांगलीचा एक अभियंता त्या हिवाळ्यात तेथेच नोकरीला होता. पहिल्या वर्षी बर्फाचे छायाचित्र काढून घरी पाठविणारा हा माणूस पाचव्या वर्षी खिडकीचा पडदा सरकवायलाही धजत नव्हता. पुढे वडिलांच्या आजारपणामुळे तो सांगलीला परतला आणि वडिलांच्या पश्चात तेथेच राहिला. मात्र एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि कृष्णेचे पात्र आटून दगड उघडे पडले की त्याला बोस्टनचा बर्फ आठवे. आठवणीतल्या त्या बर्फाला फावडे नव्हते. स्मरणशक्तीचा हा लबाडपणा सर्वांच्याच परिचयाचा असावा.

काही वर्षांनी जानेवारीत तो पुन्हा तेथे गेला. धाकटा भाऊ आता शहराच्या रोझलिंडेल भागात राहत होता. या वेळी आईही बरोबर होती. आईचे सारे नियम तिच्याबरोबर विमानात बसून आले होते: गाळून उकळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग, सूर्यास्तापूर्वी भोजन. तेथे त्या दिवसांत साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. म्हणून चार वाजताच पाने मांडली जात. शहराच्या दक्षिणेस नॉरवूड गावी 1973 साली स्थापन झालेल्या जैन केंद्राचे मंदिर आहे. रविवारी दर्शन घेऊन ते परतले आणि रात्री बर्फ सुरू झाला.

सकाळी आई खिडकीपाशी उभी होती. समोर टेकडीवर मुले घसरगाड्यांवरून खाली येत होती, एकमेकांवर गोळे फेकीत होती. ती बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने पाहत राहिली, मग म्हणाली, “किती सुंदर आहे रे! पण हे सगळे अप्कायिक जीवच की.”

हा प्रश्न वरवरचा नव्हता. दव, हिम, गारा हे सारे आपल्या आगमांनी अप्कायात गणले आहेत. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणून तर त्याच्यासाठी अनर्थदंडविरतीचे व्रत आहे. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त निष्कारण पाणी सांडणे, निष्कारण माती उकरणे यांना प्रमादचर्या म्हटले आहे. या मापाने फावडे चालविणे सप्रयोजन ठरते आणि गोळे फेकणे निष्प्रयोजन! ज्या कामाचा त्याला पाच वर्षे कंटाळा आला होता तेच निर्दोषाच्या अधिक जवळचे, आणि ज्या खेळासाठी जीव आसुसला होता तोच वर्ज्य.

त्याने वाद घातला नाही. गोळ्याचा विचार सोडून त्याने भावाच्या कोठडीतले फावडे काढले. पदपथ मोकळा करायचाच होता. शून्याच्या बऱ्याच खाली गेलेल्या थंडीतला तो बर्फ कोरडा, पिठासारखा होता. फावड्यावरून उचलताच वाऱ्याने उधळून तोंडावर येई. दोन-तीनदा असे झाले आणि त्याला हसू फुटले. घर झाले, मग पलीकडच्या वृद्ध बाईंचा पदपथ झाला, मग त्यांच्याही पुढचा. घाम आला, टोपी निघाली, नाक लाल झाले. दहा वर्षांपूर्वी याच कामाने त्याची पाठ धरली होती. आज पाठ काय म्हणत होती याकडे त्याचे लक्षच नव्हते.

आई पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. तिच्या काळ्या कोटाच्या बाहीवर एक कण अलगद उतरला: सहा पाकळ्यांचा, जणू कोणी कातरून ठेवावा तसा. तिने तो झटकला नाही. हात न हलविता, श्वास रोखून ती पाहत राहिली. तो विरला तेव्हा तिने दुसऱ्याची वाट पाहिली.

चार वाजता जेवणे झाली. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. अर्ध्या तासाने तो बूट चढवू लागला.

“अरे, आत्ताच तर साफ केलेस ना?” आईने विचारले.

“पुन्हा पडलाय, आई.”

पदपथावर जेमतेम बोटभर बर्फ होता. आईने बाहेर डोकावून पाहिले, मुलाकडे पाहिले आणि त्याची टोपी त्याच्या हातात दिली.