तिचं नाव काय होतं?

शनिवारची दुपार, बाहेर धो-धो पाऊस आणि मी मैत्रिणीच्या सोफ्यावर पसरलेली. ही बाई ऑफिसच्या कामासाठी सारखी चीनला जाते. या वेळी तरी एखादी झकास बॅग आणेल असं वाटलं होतं. आणलं काय, तर एका फोटो-प्रदर्शनाचा जाडजूड कॅटलॉग!

प्रदर्शन 2003 सालचं, ग्वांगझूच्या कलासंग्रहालयातलं. पन्नासेक वर्षांतल्या चीनचे सुमारे 600 डॉक्युमेंटरी फोटो. पोस्टरवरचे हसरे कामगार नव्हेत, तर तुमच्या-माझ्यासारखी साधी माणसं. कॅटलॉग मिटला, पण डोकं थांबेना. रात्री या विषयावर आणखी शोधत बसले आणि शिए हायलोंग यांच्या एका फोटोशी अडकले.

1991, आन्हुई प्रांतातली खेड्यातली शाळा. हातात पेन्सिल धरलेली सू मिंगजुआन नावाची चिमुरडी, मोठ्ठाले डोळे करून थेट आपल्याकडे बघतेय. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी 1989 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट होप’चा हा चेहराच झाला. देशभरातून मदत आली. सू शिकली, बँकेत लागली. शिए तिच्या संपर्कात राहिले. 2018 मध्ये तिने स्वतःच गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली.

हे वाचलं आणि पोटात खड्डा पडला.

दोन वर्षांपूर्वी बांधकामावरच्या मुलांवर मी स्टोरी केली होती. विटांच्या ढिगावर बसून पाटीवर गिरवणाऱ्या एका मुलीचा फोटो काढला. छापून आल्यावर कौतुकाचे मेसेजच मेसेज! निघताना तिची आई म्हणाली होती, “ताई, एक फोटो द्याल ना आम्हाला?” मी म्हटलं, “नक्की!” मग पुढची डेडलाइन आली. तुम्हाला माहीतच आहे, कसं होतं ते.

परवा फोटोची प्रिंट घेऊन तिथे गेले. बिल्डिंग पूर्ण झालीय, बाल्कन्यांत कपडे वाळतायत. वॉचमन म्हणाला, “ते लोक कवाच गेले. नाव काय पोरीचं?”

मी गप्प. फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘बांधकाम मजुराची मुलगी’.

ती प्रिंट आता माझ्या टेबलासमोर चिकटवलीय. क्लिक करण्याआधी नाव विचारायचं आणि फोटो पोचवायचा, एवढंच ठरवलंय. तिच्यासाठी मात्र उशीरच झाला.