अबोल्याचे निरोपे

दुपारी शेजारच्या दोघी बहिणी आमच्या गॅलरीत भातुकली मांडून बसल्या होत्या. पितळेची चूल, बोटभर उंचीचा बंब, बोराएवढ्या कपबश्या. थोरली बाबा झालेली. धाकटीने चहा पुढे केला, तर ही हातातल्या फूटपट्टीवर अंगठा फिरवत मान वर न करता म्हणाली, "ठेव तिथे." धाकटीने कपबशी आदळली आणि भिंतीला सांगितलं, "सांगा कुणीतरी यांना, थंड होतोय."

हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर पोचलं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1961 साली अल्बर्ट बांडुरा यांनी मुलांना एक दृश्य दाखवलं होतं. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवतंय. पुढे खेळायला सोडलेल्या मुलांपैकी कितीकांनी तश्शीच हातोडी चालवली, तेच शब्द उच्चारले. आमच्या गॅलरीत हातोडीचीही गरज पडली नाही.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत आवाज चढवून भांडायची चोरी. भिंती पातळ, शेजाऱ्यांचे कान तिखट. म्हणून भांडण अबोल्यात मुरतं. त्या दिवसांत घराचा आवाजच बदलतो. पोळपाटावर लाटणं जरा जोरात फिरतं, कपाटाचं दार लागतं तेव्हा पूर्ण लागतं, रेडिओ कुणी ऐकत नाही आणि बंदही करत नाही. मूल पाढे लिहीत असतं, पण कान जिन्याकडे. स्कूटर स्टँडवर चढली की आदळली, चप्पल काढली की भिरकावली, एवढ्यावर त्याला संध्याकाळचा अंदाज येतो. पंचांग उघडावं लागत नाही.

आणि मग त्याची नेमणूक होते. "बाबांना सांग, गॅस संपलाय." बाबा दोन हातांवर पेपर वाचत असतात. "आईला सांग, नंबर लावलाय." चतुर मूल लवकरच निरोपात दुरुस्त्या करू लागतं. "भूक असेल तर या म्हणावं" याचं "बाबा, जेवायला चला ना" होतं. टोमणा वाटेतच गाळला जातो. घरी त्याचं कौतुक होतं, किती समजूतदार! मला हे कौतुक खटकतं. असली समजूतदार मुलं मोठेपणी माझ्या ओळखीत आहेत. ऑफिसात सगळ्यांशी गोड, पण हॉटेलात गेल्यावर काय मागवायचं हे विचारलं तर आधी समोरच्याचा चेहरा वाचतात.

दुसऱ्या तऱ्हेच्या मुलाचं नेमकं शाळेच्या वेळी पोट दुखतं. पोट खरंच दुखतं, ढोंग नसतं. पण त्या दुखण्यापायी आई ओवा घेऊन आणि बाबा गरम पाण्याची पिशवी घेऊन एकाच पलंगाशी येतात, दोन वाक्यं बोलतात. मुलाच्या हे ध्यानात राहतं. आपण मात्र जंताचं औषध देऊन मोकळे होतो.

भांड्याला भांडं लागणारच. न भांडणारं जोडपं मी तरी पाहिलेलं नाही, आणि भेटलंच तर मला जरा संशय येईल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी मुलांना मोठ्यांच्या भांडणाच्या चित्रफिती दाखवून त्यांच्यावर होणारे परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासले. धुमसता अबोलाही मुलांना अस्वस्थ करतो, आणि भांडण मिटताना दिसलं की ती बरीच निवळतात, असं त्यांना आढळलं. आपलं घोडं इथेच अडतं. आपण भांडतो स्वयंपाकघरात, मुलांदेखत, आणि मिटवतो रात्री, दार लोटून. मुलाच्या वाट्याला नाटकाचा पहिलाच अंक येतो. सकाळी आईबाबा चहा पिताना हसतात, ते का, कसं, कोण आधी बोललं, काही कळत नाही. रागवायचं कसं ते त्याला येतं. राग सोडायचा कसा, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं.

तेव्हा भांडा खुशाल. पण "चुकलं माझं" हे दिवसाउजेडी, पोरांच्या कानावर पडेल असं म्हणा. आणि गॅस संपला असेल तर स्वतः उठून सांगा. पोराला पाढे लिहू द्या.