खळ, भिंत आणि सुटण्याची सोय

ग्रंथांविषयी आपण पुष्कळ बोलतो. ग्रंथ ज्या खळीने एकत्र राहतात तिच्याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मैदा पाण्यात कालवावा, मंद आचेवर शिजवावा, कसर लागू नये म्हणून त्यात किंचित मोरचूद घालावे, ही बांधणीकाराची जुनी कृती. घराच्या मधल्या खोलीस कागद लावण्याचे ठरले, तेव्हा या उपेक्षित विषयाकडे आम्हांस गांभीर्याने वळावे लागले.

आमची समजूत अशी होती की, जी खळ अधिक घट्ट ती अधिक चांगली. वस्तुतः तसे नाही. मैद्याची खळ पकडते उत्तम. पण ती आंबते, तिला बुरशी धरते आणि झुरळांना ती प्रिय असते. जाड व्हिनाइलच्या कागदासाठी डब्यात तयार मिळणारी कृत्रिम खळ घट्ट खरी, परंतु काही वर्षांनी कागद काढू जाता ती गिलाव्याचे पापुद्रेही सोबत घेऊन येऊ शकते. साध्या कागदास पुरते ते मिथाइल सेल्युलोज. याची गंमत अशी की, मैदा शिजवल्यावर घट्ट होतो, तर ही भुकटी थंड पाण्यात विरघळते. किडींना तिच्यात विशेष रस नसतो, आणि वाळल्यानंतरही ती पाण्याने पुन्हा मऊ होते. जुन्या कागदपत्रांचे जतन करणारे तज्ज्ञ तिचा वापर करतात तो याच गुणासाठी. आपण केलेली दुरुस्ती पुढच्या माणसास उलगडता आली पाहिजे, हा त्यांचा दंडक आहे. टीकाकारांनीही तो पाळावा, असे आम्हांस अनेकदा वाटले आहे.

खळीची निवड झाली तरी अर्धेअधिक काम भिंतीचेच असते. प्रथम ओल पाहावी. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस भिंतीवर ठेवावा. भिंतीकडील अंगास दव जमले, तर ओल आतून येते आहे असे समजावे. लोणा धरलेल्या भिंतीवर कागद लावणे म्हणजे बुरशीस पांघरूण देणे होय. एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरांत आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाचे कागद असत. अशा रंगांवर वाढणारी बुरशी आर्सेनिकचा वायू सोडते, हे इटलीतील बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले. आता ते रंग गेले; ओल मात्र आहे तिथेच आहे.

त्यानंतर येतो जुन्या थरांचा प्रश्न. साधा डिस्टेंपर पाण्याने सुटतो, म्हणून तो खरवडून काढावा लागतो. आमच्या कारागिराने हे एका वाक्यात सांगितले: “हा थर ठेवलात, तर कागद भिंतीला नाही, थराला चिकटेल.” केवळ टिपांवर टिपा लिहून मूळ ग्रंथास न शिवणारी किती पुस्तके आपल्या कपाटांत आहेत, हे ऐकताना आम्हांस आठवले.

परंतु नेमका तोच थर आम्हांस काढवेना. दाराशेजारच्या भिंतीवर आईने पेन्सिलीने केलेल्या नोंदी होत्या: दुधाचे हिशेब, आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा, काही वर्षांच्या पहिल्या पावसाच्या तारखा. आई जाऊन काही वर्षे झाली. तिच्या हस्ताक्षरातील कागद घरात जवळजवळ नाहीच. लिहिण्यासाठी तिच्या वाट्यास आली ती हीच भिंत. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “फोटो काढून ठेव आणि घासून घे. आई असती तर तिनेच कारागिराला चहा देऊन कामाला लावलं असतं.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कारागिराने तळाशी ओला स्पंज फिरवून वीतभर डिस्टेंपर खरवडला. खालून निळसर चुना निघाला आणि त्यावर कोळशाच्या उभ्या रेघा, चार-चारांच्या गटांनी. आजीला लिहिता येत नव्हते; ती हिशेब रेघांनी ठेवी. म्हणजे आजीच्या रेघांवर आईच्याच कारकिर्दीत डिस्टेंपर चढला होता, आणि त्यावर आईने लिहिले होते. त्यात तिने आजीवर काही अन्याय केला, असे आम्हांस वाटत नाही. संसार चालू होता, भिंती मळल्या होत्या, एवढेच.

अखेरीस तीन भिंती घासल्या. चौथी, बहिणीचे म्हणणे पूर्णपणे पटूनही, तशीच ठेवली. खोली त्यामुळे थोडी विजोड दिसते. बहीण दिवाळीत आली तेव्हा आपल्या उंचीच्या रेघेपाशी बराच वेळ उभी होती. कागदाच्या रंगाबद्दल मात्र तिचे मत अनुकूल नाही.

उरलेल्या तीन भिंतींची रीत जिज्ञासूंसाठी नोंदवून ठेवतो. भेगांत लांबी भरून, काचपेपर मारून, धूळ पुसून घ्यावी. मग पातळ केलेल्या खळीचाच एक हात द्यावा, म्हणजे कोरडा गिलावा कागदाखालचे पाणी एकदम शोषून घेत नाही. खळ लावलेला साधा कागद दुमडून काही मिनिटे ठेवावा. त्यास जेवढे फुगायचे तेवढे भिंतीवर जाण्यापूर्वीच फुगू द्यावे. आणि पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर न लावता ओळंबा सोडून लावावी. जुन्या घरांचे कोपरे क्वचितच सरळ असतात.