पाटणादेवीच्या वाटेवर

धुळे-चाळीसगाव लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. त्याच मार्गाने गेल्या नवरात्रात आम्ही ज्येष्ठ बंधूंसह पाटणादेवीस निघालो. अण्णांची दृष्टी अधू. ती आहे तोवर भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख पाहावा, ही त्यांची इच्छा. चाळीसगावच्या फलाटावर जळगावकडील गाडीची गर्दी अंगावर लोटली आणि अण्णांचा हात सुटला! आम्ही त्या लोंढ्याविरुद्ध धडपडत राहिलो, हेच चुकले. एक चहावाला म्हणाला, "बाबा, खांबाआड उभे राहा, गाडी सुटली की फलाट मोकळा होतो." तसेच झाले. अण्णा नळापाशी स्वस्थ उभे होते. "तू येशील हे ठाऊक होते," एवढेच बोलले.

पाटणचा तो लेख शके ११२८ चा. पितामहांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चांगदेवाने स्थापिलेल्या मठाचा वृत्तांत त्यात आहे. अखेरचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारच्या मालावरील काही उत्पन्न मठास लावून दिल्याचे त्यात नमूद आहे. (विद्येसाठी असे हात सैल सोडणारे सत्ताधारी आज विरळाच!) अण्णांस अक्षरे दिसेनात. मुद्रित प्रत सोबत होती. आम्ही वाचीत गेलो, ते अन्वय लावीत गेले.

परतीच्या गाडीत त्यांनी आमचे उपरणे मुठीत घट्ट धरले होते.