मिरजेची वाट आणि हरवलेला खर्ज

साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गृहस्थानें मोटारसायकलीवरून लांबचा प्रवास करावा कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. तथापि गेल्या पौषांत आम्ही पुण्याहून मिरजेस गेलों ते मोटारसायकलीवरूनच, आणि आमची गृहिणीही मागें बसली होती, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. प्रयोजन घरगुतीच होतें. आमच्या मातोश्रींचा तंबोरा त्यांच्या पश्चात् दोन वर्षें गवसणींत मुका पडून होता. नातीनें गाणें शिकण्याचें मनावर घेतलें, तेव्हां एका आप्तांच्या मोटारींतून तो दुरुस्तीसाठीं मिरजेस पाठविला, आणि महिन्याभरानें कारागिरांचा निरोप आला, "तंबोरा तयार आहे. एकदां येऊन आवाज ऐकून जा."

आमचें वाहन म्हणजे जुनी बुलेट. या नांवाची गाडी इंग्लंडांत १९३२ सालीं प्रथम निघाली, आणि १९५५ पासून ती मद्रासेस तयार होऊं लागली. आमची गाडी अर्थात् इतकी जुनी नाहीं. परंतु आधींच्या मालकानें तिचा मूळ सायलेन्सर काढून दुसरा, गर्जना करणारा, बसविला होता. ती गर्जना आम्हांस, खोटें कशाला बोला, आवडत असे. त्यांत आमच्या भाच्यानें हेल्मेटाच्या आंत, बरोबर कानांपाशीं येतील अशा बेतानें, दोन चपटे ध्वनिवर्धक बसवून दिले. खिशांतील फोनमधलें गाणें तारेवांचून त्यांत येतें. "मामा, आतां मिरजेपर्यंत मैफल!" असें तो म्हणाला. मामीनें मात्र कानांत घालावयाचे मऊ बोळे औषधाच्या दुकानांतून आणले आणि एक जोडी आमच्यापुढें ठेवली. आम्हीं ती हंसून परत केली.

पहांटे कात्रज ओलांडलें तेव्हां हेल्मेटांत नुसता तंबोरा लावला होता. गाडी सावकाश चालली होती तोंपर्यंत चारही तारा स्वच्छ ऐकूं येत होत्या. पुढें रस्ता मोकळा झाला, वेग ताशीं ऐंशी किलोमीटरांवर गेला, आणि तंबोरा हळूहळू विरूं लागला. नवल असें कीं, चारही तारा सारख्या विरल्या नाहींत. पंचम कांहीं काळ टिकला, जोडीचे षड्जही चांचपडत सांपडत होते. परंतु चौथी तार, जी सर्वांचा आधार, तो खर्ज आधीं नाहींसा झाला.

खंबाटकीच्या घाटाखालीं चहाला थांबलों असतां याचें कारण आमच्या ध्यानांत आलें. बुलेटला एकच सिलिंडर. इंजिनाचे दोन फेरे झाले म्हणजे त्यांत एक स्फोट होतो. मिनिटास तीन हजार फेरे धरले तर सेकंदास २५ स्फोट; आणि त्या नादाबरोबर त्याचे पटींतले नादही उठतात, ५०, ७५, १०० असे. मातोश्रींची पट्टी काळी चार. त्या पट्टींतील खर्जाचीं कंपनें सेकंदास सुमारें १०४. म्हणजे इंजिनाचा नाद आणि तंबोऱ्याचा खर्ज हे एकाच आळींतले शेजारी! त्यांतला एक ढोल बडवूं लागल्यावर दुसऱ्याचें बोलणें कोण ऐकणार? शिवाय हेल्मेटावर आपटणाऱ्या वाऱ्याचा घोंघाटही मुख्यतः खालच्या स्वरांतलाच असतो, आणि हेल्मेट डोकें वांचवीत असलें तरी हा घोंघाट फारसा अडवीत नाहीं.

कारण कळलें, पण शहाणपण आलें नाहीं. आम्हीं आवाज वाढविला. साताऱ्यापाशीं अजिंक्यतारा उजव्या हातास दिसला तेव्हां आणखी वाढविला. कऱ्हाडापुढें उंसाचा मुलूख लागला. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघाले होते, आणि प्रत्येकावर एवढ्या मोठ्यानें गाणें लावलेलें कीं तें आमच्या हेल्मेटाच्याही आंत शिरावें. ‘हा काय रानटीपणा!’ असें मनांत आलें. परंतु तो ट्रॅक्टरवाला आणि आम्ही यांत फरक तो काय? त्याला त्याच्या इंजिनावर मात करावयाची होती, आम्हांला आमच्या. पेठ नाक्याहून डावीकडे वळून, आष्टा मागें टाकून, सांगलीस कृष्णा ओलांडली, तेव्हां आवाज वाढविण्यास जागाच उरली नव्हती.

मिरज हें गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचें तीर्थक्षेत्र. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथें राहिले, त्यांच्यापाशीं विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच शिकले. आणि १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खाँसाहेब येथेंच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत, विसांवले आहेत. तंतुवाद्यें घडविणारे शिकलगार मूळचे हत्यारें घडविणारे व त्यांना धार लावणारे. राजे-रजवाड्यांच्या लढाया संपल्या, तेव्हां तलवारीचा हात तारेकडे वळला, हें या गांवाचें थोर भाग्य.

दुकानांत आढ्याला भोपळे टांगले होते, लाकडाचा आणि लाखेचा वास भरला होता. वृद्ध कारागिरांनीं तंबोरा मांडीशीं घेतला. भोपळ्यावर नवें रोगण चढलें होतें. दांडीवर मातोश्रींच्या बोटांनीं गुळगुळीत झालेली जागा मात्र त्यांनीं तशीच राखली होती. तारा छेडून, घोडीवरील सुताचा धागा केसभर सरकवून ते म्हणाले, "ऐका साहेब, जवारी खुलली का?"

आम्हीं कान दिला. तार वाजत होती, स्वरही बरोबर होता. परंतु तो बोथट, लोकरींत गुंडाळल्यासारखा भासला, आणि कानांत एक बारीक शिट्टी अखंड चाललेली होती. ज्याला जवारी म्हणतात तें तारेचें तेज, तो स्वरांतून उठणारा झळाळ, आम्हांस कोठेंच सांपडेना. म्हाताऱ्यांनीं धागा पुन्हां सरकविला. "आतां?" आम्हीं लाजेनें मान डोलाविली. इतक्यांत गृहिणी कानांतले बोळे पदराच्या गांठींत बांधीत म्हणाली, "अहो, मघाशींच जास्त खुलली होती. आतां दाटली. चाचा, धागा किंचित् मागें घ्या." चाचांनीं तिच्याकडे पाहिलें, धागा मागें घेतला, आणि समाधानानें डोळे मिटले. तिचेही डोळे भरून आले. ज्या आवाजावर आम्ही लहानाचे मोठे झालों, तो आमच्यापासून चार हातांवर वाजत होता, आणि तो सुनेला ऐकूं येत होता, मुलाला नाहीं!

ती रात्र आम्हीं मिरजेंतच काढली, आणि फार थोडी झोंप लागली. त्या रात्रीं जें वाचलें तें येथें देतों, कारण तरुण वाचकांस त्याचा उपयोग आहे. ताशीं ऐंशीच्या सुमारास हेल्मेटाच्या आंत नव्वद डेसिबेल किंवा त्याहून अधिक आवाज असूं शकतो. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेनें घालून दिलेली मर्यादा अशी कीं, ८५ डेसिबेल आठ तास, आणि पुढें दर तीन डेसिबेलांस वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. आम्ही पांच तास त्यांत होतों, आणि वर गाण्याची भर आमच्या हातानें घातली होती. अशा वेळीं कान थकतात आणि बहुधा वरचे, झळाळीचे नाद आधीं मंदावतात. विश्रांतीनें ते पुष्कळदां परत येतात. परंतु अंतःकर्णांत ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्या प्रत्येक कानांत सुमारें १५,००० ते १६,००० एवढ्याच; मेलेली पेशी माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहीं. मैफलींतून एकेक श्रोता कायमचा उठून जावा, तसें हें आहे.

सकाळीं शिट्टी थांबली होती. दुकान उघडण्यापूर्वींच आम्ही दाराशीं उभे. चाचांनीं कांहीं न विचारतां तंबोरा छेडला, आणि खर्जांतून गंधार आपोआप उमटला, जसा लहानपणीं पहांटे देवघराशेजारच्या खोलींतून उमटत असे. यावेळीं मान डोलवावी लागली नाहीं. ती आपणच डोलली. आम्हीं तो आवाज फोनमध्यें टिपून घेतला. तंबोरा आला तसाच मोटारींतून मागाहून घरीं जावयाचा होता.

परतीच्या वाटेवर हेल्मेटांतलें गाणें बंद, कानांत बोळे, आणि वेग साठाच्या खालीं. बोळे असूनही मागून येणाऱ्या गाड्यांचे कर्णे नीट कळत होते. कऱ्हाडास प्रीतिसंगमावर थांबलों. कृष्णा आणि कोयना येथें समोरासमोर येऊन भेटतात. घाटाच्या पायरीवर बसून इअरफोनचें एक टोंक तिनें कानांत घातलें, एक आम्हीं. आणि हलक्या आवाजांत मातोश्रींचा तंबोरा लावला. खर्ज स्पष्ट होता.

पुण्यास आल्यावर दुसऱ्याच दिवशीं गाडीला मूळ धर्तीचा सायलेन्सर बसवून घेतला. भाचा विचारीत होता, "मामा, मैफल कशी झाली?" आम्हीं त्याच्या हातावर बोळ्यांची एक जोडी ठेवली. तो हंसला. आम्हीही असेच हंसलों होतों, म्हणून रागावलों नाहीं. नातीची शिकवणी सुरू झाली कीं त्याला एकदां तंबोऱ्यापाशीं बसविणार आहों.