चाकांवरचे घर आणि भाऊंची वही

घराला चाके असावीत, असे आमच्या कुळात कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पणजोबा मारवाडातून नगरला आले, आडतीच्या पेढीवर रोजमेळ लिहू लागले आणि पुढच्या तीन पिढ्या त्याच पेठेत स्थिरावल्या. दुकान, गोदाम आणि राहते घर, तिन्ही हाकेच्या अंतरावर. एकत्र कुटुंबाच्या रीतीप्रमाणे काका-आत्या म्हणत म्हणून आम्ही मुलेही वडिलांना ‘भाऊ’ आणि आईला ‘बाई’ म्हणतो. असे हे आमचे भाऊ वयाच्या बहात्तराव्या वर्षी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका मोटारघरात सोळा दिवस राहिले. ती हौस नव्हती, निकड होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये भाऊ आणि बाई आमच्याकडे फिनिक्सला आले. एप्रिलची परतीची तिकिटे काढलेली होती. मार्चच्या अखेरीस भारताने आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली आणि ती तिकिटे कागद होऊन राहिली. माझी पत्नी रुग्णालयात श्वसनोपचार विभागात काम करते. श्वास घेऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या उशाशी उभे राहणे हेच तिचे काम. ती घरी आली की मागच्या दाराने आत येई, स्नान करी आणि शेवटच्या खोलीत दार लावून बसे. आठ वर्षांची आमची मुलगी दारापलीकडून तिच्याशी बोले. भाऊंना मधुमेह, शिवाय हृदयात दोन स्टेंट. जूनअखेर ॲरिझोनातील रुग्णसंख्या झपाट्याने वाढू लागली, तेव्हा पत्नी एका रात्री दारापलीकडूनच म्हणाली, “मी घरात काय आणीन, याची मला खात्री देता येत नाही.”

त्यात फिनिक्सचा उन्हाळा. त्या वर्षी तेथे पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ अंश सेल्सिअसला, पोहोचल्याचे ५३ दिवस नोंदले गेले. तो तेव्हाचा उच्चांक होता. अशा उन्हात खिडकी उघडण्याचा प्रश्नच नसतो. घराला वातानुकूलनाचे एकच यंत्र, आणि त्याच्या नळ्यांतून सर्व खोल्यांची हवा एकत्र होऊन फिरते. दार बंद केले तरी हवा एकच. खिडक्या उघड्या ठेवून राहता येईल, अशी जागा आम्हाला हवी होती. थंडावा ही आमच्यासाठी चैन नव्हती. थंडावा असेल तरच खिडकी उघडणार होती.

ओळखीच्या एका कुटुंबाने त्यांचे जुने मोटारघर वापरायला दिले. येथे त्याला ‘आरव्ही’ म्हणतात. चोवीस फूट लांबीच्या गाडीत स्वयंपाकाचा ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि चौघांच्या झोपण्याची सोय. मी कचेरीतून रजा घेतली. पत्नी मागे राहिली. निघताना तिने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून हात हलवला, आणि मुलगी रस्ता वळेपर्यंत मागच्या काचेला नाक लावून बसली.

पहिली चूक माझी. छतावरचे वातानुकूलन यंत्र चालवायला विजेची जोडणी लागते. गाडीतल्या बॅटरीवर ते चालत नाही. म्हणून मी वीज मिळेल असा तळ शोधला. फिनिक्सच्या उत्तरेस व्हर्डी खोऱ्यात, सुमारे एक हजार मीटर उंचीवर. फिनिक्सपेक्षा उंच आहे, वीज आहे, मग चिंता कसली, असा माझा हिशेब. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तळावरच्या सगळ्याच गाड्यांची यंत्रे पूर्ण जोराने चालू लागली, विजेचा दाब उतरला आणि आमचे यंत्र बंद पडले. पुन्हा लावले, पुन्हा बंद. पत्र्याच्या त्या पेटीत अर्ध्या तासात भट्टी पेटल्यासारखे झाले.

भाऊ काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, हेच मला उशिरा लक्षात आले. बाई म्हणाल्या, “अरे, यांचे हात बघ.” हात गार आणि ओलसर होते. चेहरा उतरलेला, डोके गरगरते आहे, मळमळते आहे. मी पत्नीला फोन लावला. तिने एकामागून एक प्रश्न विचारले: स्वतःचे नाव, वार नीट सांगतात का? पाणी पोटात राहते का? साखर किती आहे? मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेव, थोडे थोडे मिठाचे पाणी दे, इंजिन चालू करून पुढच्या आसनावर बसव, कारण तेथला थंडावा इंजिनावर चालतो. मग क्षणभर थांबून ती म्हणाली, “बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच रुग्णवाहिका बोलाव. पण एक ध्यानात ठेव, आत त्यांच्याबरोबर कोणालाही जाऊ देणार नाहीत.”

त्या एका वाक्याचा अर्थ २०२० साल पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. भाऊंना इंग्रजी कामापुरतेच येते. मुखपट्टीआडचे अनोळखी आवाज, आणि शेजारी आपले कोणी नाही.

तासाभराने भाऊंचा चेहरा थोडा सावरला. सूर्यास्त झाला तरी बाहेर ३७ अंश होते. रात्र तेथेच काढली असती तर पुन्हा तीच भट्टी. पत्नीच्या सांगण्यावरून आम्ही उत्तरेकडे घाट चढू लागलो, कारण त्या रस्त्यावर पुढे फ्लॅगस्टाफ होते. तेथे उंचीही होती आणि मोठे रुग्णालयही. जड गाडी चढावर धापा टाकत होती. गाडीतला तापमापक मी दर काही मिनिटांनी मोठ्याने वाचत होतो: चौतीस, एकतीस, सत्तावीस. रात्री दहाच्या सुमारास फ्लॅगस्टाफजवळ पोहोचलो तेव्हा वीस. भाऊंनी काच खाली केली आणि किती तरी वेळ नुसता वारा घेतला. मग म्हणाले, “एवढे सोपे होते, तर काल खाली कशाला थांबलास?”

प्रश्न रास्त होता. मी विजेमागे धावलो होतो. धावायला हवे होते उंचीमागे. सर्वसाधारणपणे दर हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, आणि कोरड्या प्रदेशात दुपारी त्याहूनही अधिक. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटरवर, तर फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. जुलैतील दुपारी एकीकडे सरासरी ४१ अंश, तर दुसरीकडे २८. अंतर मात्र सव्वादोन तासांचे. नगरचा माणूस उन्हाळ्यात महाबळेश्वरला का जातो, हे ठाऊक असूनही मी यंत्रावर विसंबलो.

फ्लॅगस्टाफभोवती कोकोनिनो हे राष्ट्रीय वनक्षेत्र आहे. त्यातील ठरावीक कच्च्या रस्त्यांच्या कडेला चौदा दिवसांपर्यंत मोफत मुक्काम करता येतो. वीज नाही, नळ नाही, शेजार नाही. महामारीत हा शेजार नसणे हेच मोठे सुख. वणव्यांचा हंगाम होता. जूनमध्ये फिनिक्सच्या ईशान्येस लागलेल्या वणव्याने पावणेदोन लाखांहून अधिक एकर भूमी जाळली होती. म्हणून बाहेर जाळ करायचा नाही, स्वयंपाक आतल्या गॅसवर, हे आम्ही कसोशीने पाळले.

दुसऱ्या दिवसापासून जागा निवडण्याचे काम भाऊंनी आपल्याकडे घेतले. मी नकाशे पाहून एक सुंदर माळ निवडला होता, चहूबाजूंनी झाडी आणि मध्ये हिरवी वाटी. पहाटे चार वाजता थंडीने दात वाजू लागले. भाऊ म्हणाले, “पेवात गारवा कोठे बसतो? तळाशी. रात्रीची गार हवा जड असते, ती उतरून खोलगट जागीच साचणार.” चाळीस वर्षे ज्याने भुसार माल सांभाळला, त्याला हवा कशी वागते ते पुस्तकातून वाचावे लागत नाही. आम्ही गाडी उताराच्या मध्यावर नेली. पहाटेची थंडी सोसण्याजोगी झाली.

मग दिशा. छतावर सौर पत्रे होते. पंखा, दिवे आणि फोन त्यांच्यावर चालत. त्यांना ऊन हवे, माणसांना सावली हवी. मी या पेचात असताना भाऊंनी तोड सांगितली: पूर्वेकडे मोकळे, पश्चिमेकडे उंच झाडे. सकाळचे ऊन पत्र्यांना द्यायचे, दुपारचे झाडांना. गाडीचा फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो आणि त्याची मागची बाजू तापली की तो थकतो, हे कळल्यावर ती बाजू त्यांनी उत्तरेला करवली. तो फ्रीज गाडी समतल नसेल तरीही बिघडतो. म्हणून बाईंकडून ताट मागून घेतले, त्यात पाणी ओतले आणि पाणी सारखे दिसेपर्यंत मला चाकांखाली फळ्या सरकवायला लावल्या. दुपारी सावलीकडची खालची खिडकी तेवढी उघडी, बाकी बंद, आणि छतावरच्या झरोक्यातला पंखा हवा बाहेर फेकणारा. “आपल्या गोदामाला खाली जाळी आणि वर झरोके कशासाठी होते, असे वाटते तुला?” मी लहानपणी त्या जाळ्यांतून मांजरे हाकलली होती, त्यापलीकडे काही पाहिले नव्हते.

त्यांनी मुलीकडून एक कोरी वही मागून घेतली आणि लाल पेनाने समास आखला. तारीख, जागा, उंची, पहाटेचे तापमान, दुपारी तीनचे तापमान, वाऱ्याची दिशा. खाली भाऊंची साखर आणि रक्तदाब. महिन्याकाठी ताळेबंद करावा तशी प्रत्येक पानाखाली रेघ. पाच महिन्यांत प्रथमच त्यांच्या हाताला काम मिळाले होते. फिनिक्सच्या घरात आम्ही त्यांची काळजी घेत होतो, ती इतकी की त्यांना करायला काही ठेवलेच नव्हते.

बाईंचा अनुभव निराळा. एवढ्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ तास उलटला तरी शिजेना. नगरहून आणलेला छोटा कुकर कामी आला. सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास होई. सातला जेवणे उरकून आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बसत असू. दुपारच्या उन्हात पाँडेरोसा पाइनच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. मुलगी झाडांना नाक लावून फिरे आणि आजीला हाताला धरून नेई.

एक मोह झाला होता. ग्रँड कॅन्यनची उत्तर कडा आणखी उंच, सुमारे २,४०० मीटर. हवा अधिक गार. मी निघण्याचे ठरवत होतो. पत्नीने फोनवर नाही म्हटले. हृदयरोग्याला उंचीवरची विरळ हवा, आणि रुग्णालय कित्येक तास दूर. शिवाय जाण्याचा रस्ता नवाहो लोकांच्या प्रदेशातून होता. त्या प्रदेशात साथीने फार माणसे गेली होती, अनेक घरांत नळाचे पाणीही नव्हते, आणि शनिवार-रविवारी संचारबंदी लागे. भाऊंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ज्यांच्या घरी दुखणे आहे, त्यांच्या दारावरून फिरायला म्हणून जायचे नसते.” आम्ही होतो तेथेच राहिलो.

नवव्या दिवशी पत्नीला सुटी मिळाली. ती एकटी गाडी चालवत आली. भाऊंनी आधीच चिमूटभर धूळ उडवून वारा पाहिला होता. तिची खुर्ची वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आमच्यापासून बारा पावलांवर मांडली होती. बाईंनी डबा मध्ये ठेवला आणि मागे सरकल्या. मुलीने पावले मोजली आणि बाराव्यावर थांबली. कोणी तिला थांबवले नाही. ती आपणहून थांबली. पत्नीने मुखपट्टी लावलेलीच होती, तरी तिचे रडणे आम्हाला दिसले. त्या दिवशीच्या पानावर भाऊंनी लिहिले आहे: “दुपारी तीन, २७ अंश. वारा नैर्ऋत्येकडून. सूनबाई आल्या. दोन तास थांबल्या.”

चौदा दिवस पूर्ण होताच आम्ही नियमाप्रमाणे तळ उचलला. तोपर्यंत पत्नीने रुग्णालयाजवळ एका सहकारिणीबरोबर लहानसे घर भाड्याने घेतले होते. हे आधीच करता आले असते. पण तिला घरापासून दूर ठेवण्याचा विषय मी काढला नाही, आणि तिनेही काढला नाही. आम्ही दोघे गप्प राहिलो, त्याची किंमत त्या दुपारी व्हर्डी खोऱ्यात भाऊंनी मोजली, हे मला कबूल केलेच पाहिजे.

ऑगस्टच्या अखेरीस वंदे भारत मोहिमेतील विमानाने भाऊ-बाई मायदेशी परतले. वही त्यांनी मुलीला दिली. ती आता त्यात आमच्या परसातील नोंदी करते. उन्हाळा लागला की रविवारी नगरहून फोन येतो. प्रकृतीची विचारपूस मागाहून, भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “काल दुपारी तीनला किती होते?” मुलगी वही उघडते आणि वाचून दाखवते. मग ते नगरचा आकडा सांगतात, आणि ती तो शेजारच्या रकान्यात लिहून घेते.